दोन फोटोंचा पास

इंदूरहून परत आलेल्या माणसाला मिरजेत पहिला प्रश्न पोह्यांचा विचारतात. खाल्ले. वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, शेजारी जिलबी. आपण पोह्यांवर ओलं खोबरं घालतो हे तिथे सांगितलं तर लोक दया आल्यासारखे बघतात. दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. शहर स्वच्छ आहे. रस्त्यात खाल्लेल्या केळ्याचं साल हातात धरून मी पुढच्या चौकापर्यंत गेले, कारण टाकायची लाज वाटली. एवढं सांगून झालं की विचारणारा समाधानानं निघून जातो आणि मी ज्यासाठी गेले होते ते माझ्याजवळच उरतं. ते इथे लिहिते. सावकाश लिहिते आहे. भरभर लिहायला लागले की राग आधी येतो आणि वाक्य मागे राहतं.

शालू माझी धाकटी बहीण. अडतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इंदूरला गेली आणि यंदा तिथेच वारली. सकाळी कुकर लावला आणि स्वयंपाकघरातच बसली, ती उठली नाही. माझं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. प्रवासाला मनाई होती. तेराव्यालाही मला जाता आलं नाही. गेले ती अडीच महिन्यांनी, तेव्हा रडण्याचे दिवस संपून कागदांचे दिवस सुरू झाले होते.

खजराना

शालूचं घर खजराना गणपतीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. वाटेवर फुलांची आणि लाडवांची दुकानं. दार मंजूनं उघडलं. मंजू म्हणजे शालूची एकुलती एक मुलगी मंजिरी, वय बत्तीस. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं. मी त्या काढल्यावर खाली बसून तिनं त्या भिंतीला समांतर लावल्या आणि आत निघून गेली. नवख्या माणसाला हा अपमान वाटेल. मला तो मिठीसारखा वाटला, कारण न आवडणाऱ्या माणसाच्या चपला ती तशाच वाकड्या ठेवते.

मंजू स्वमग्न आहे. मराठीत आपण असं म्हणतो, तिथल्या हिंदी कागदांवर स्वलीन लिहितात आणि डॉक्टरी प्रमाणपत्रावर ऑटिज्म. ती थोडं बोलते. बसचे नंबर, थांब्यांची नावं, 'नको', 'खाली', 'झालं'. गेली नऊ वर्षं ती परदेशीपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात मिठाईचे खोके घड्या घालून तयार करते. सकाळी बस, संध्याकाळी बस. शहर बसचा अपंगांसाठीचा मोफत पास तिच्याकडे होता. कंडक्टर आला की गळ्यातला पास पुढे करायचा, एवढंच. फुकट प्रवास हा त्यातला लहान भाग होता. कंडक्टरनं "कहाँ जाना है?" विचारलं तर तिला उत्तर देता येत नाही. थांब्याचं नाव तिला येतं, पण कुणी अचानक विचारलं की येत नाही. पास तिच्या जागी बोलायचा.

तो पास आता नव्हता. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मंजू कामाचे कपडे घालून, खांद्याला पिशवी अडकवून दारापाशी उभी राहिली. बस गेली. ती उभीच. दहाच्या सुमारास तिनं डोकं चौकटीवर आपटायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, पण एका लयीत होता. तिचे वडील, माझे मेहुणे वसंतराव, उशी घेऊन गेले आणि चौकटीवर धरून उभे राहिले.

"रोज असंच आहे, ताई," ते म्हणाले. "कारखान्याचा मालक भला आदमी आहे. पण तो तरी कितने दिन रुकणार? म्हणाला, महिनाअखेरपर्यंत जगह ठेवतो, मग बदलीवरच्या मुलीलाच पक्कं करावं लागेल."

"पास गेला कसा?"

"जमा झाला," ते म्हणाले आणि उशी सारखी करू लागले.

सियागंज

सियागंजला मी गेले ते एका माणसाचे आभार मानायला. पास गेल्यानंतर वसंतरावांनी मंजूला तिकिटाचे पैसे देऊन एकदा पाठवलं होतं. कंडक्टर नवा होता. त्यानं कुठे जायचं विचारलं. तिनं कान झाकले. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. ती मधेच उतरली आणि सियागंजच्या ठोक बाजारात हातगाड्या, साखरेची पोती आणि हमालांच्या आरोळ्यांमध्ये तीन तास एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदारानं तिच्या पिशवीतला फोन नंबर शोधून घरी कळवलं. तेव्हापासून गळ्यात पास असल्याशिवाय ती बसमध्ये चढेना.

दुकान सापडलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बिजागऱ्यांच्या खोक्यांमध्ये बसलेला माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आधी चहा मागवला.

"माताजी, मैंने कुछ नहीं किया. बिटिया ने मेरा काम कर दिया."

"काय काम?"

त्यानं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. स्क्रूची सगळी पाकिटं मापाप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभी होती. "तीन घंटे में लगा दिया. मेरा लड़का तीन साल से नी कर रिया." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "इनको सरकार से कुछ मिलता-विलता नी है क्या? पास-वास?"

मी चहा प्यायले. तो फार गोड होता.

खिडकी

शहर बसच्या पास-कार्यालयात एक खिडकी दिव्यांगांसाठी वेगळी आहे. तिच्यापुढे तीन पायऱ्या आहेत. माझ्यापुढे कुबड्या घेतलेला एक म्हातारा त्या पायऱ्या चढत होता आणि आतला बाबू त्याला "आराम से, चाचा, आराम से" म्हणत होता. पायऱ्यांचं त्याला काही वाटत नसावं. त्यानं त्या बांधल्या नव्हत्या.

भिंतीवर पात्रतेची यादी होती. दृष्टीचे, श्रवणाचे, हातापायाचे असे प्रकार छापलेले. ऑटिज्म छापलेलं नव्हतं. यादीच्या खाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, "ऑटिज्म – सहचर अनिवार्य". कायद्याच्या यादीत हा शब्द येऊन बरीच वर्षं झाली, पण इथे तो अजून शाईनंच होता. कार्यालयाच्या दाराशी कचऱ्याचे वेगवेगळे डबे ओळीनं ठेवले होते, ओला, सुका, प्लास्टिक, काच, आणखी काय काय. प्रत्येकावर सुबक छापलेली चिठ्ठी. मी त्या चिठ्ठ्या वाचत उभी राहिले आणि मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

सहचर म्हणजे सोबतीची व्यक्ती. आंधळ्या किंवा पायानं अधू माणसाला एकट्याचा पास मिळतो, हवा तर सोबत्याचा. मंजूसारखीला एकटीचा मिळतच नाही. पासवर दोन फोटो असतात, एक तिचा आणि एक सहचराचा. तिच्या पासावर दुसरा फोटो शालूचा होता. शालू गेली, पास संपला.

मी अर्ज लिहिला. शाळकरी वयात मी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या होत्या, आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, त्यामुळे स्वतःच्या हिंदीचा मला थोडा अभिमान होता. सुरुवातच मी दमदार केली: "हमारे परिवार पर घोर आपत्ति आई है." पुढे बहिणीचं जाणं, मंजूची नोकरी, महिनाअखेरची मुदत, आणि तिला एकटीच्या नावे पास द्यावा ही विनंती. बाबूनं पहिली ओळ वाचली, लाल पेननं एका शब्दाखाली रेघ मारली, दुसऱ्या फाइलीत कागद लावला आणि म्हणाला, "परसों आना."

परवा गेले तर म्हणाला, "इसमें तो आपत्ति लगी है, माताजी. सुनवाई होगी."

"कसली आपत्ती?"

"वो तो आपको पता होगा. परिवार वालों ने ली है."

"कुणी घेतली? परिवारात आम्ही तीनच माणसं आहोत!"

"तो आपस में बात कर लो पहले," तो समजूत काढल्यासारखं म्हणाला. "पास के पीछे घर में काहे को झगड़ा."

पोहे

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या दुकानावर वसंतरावांना सांगितलं. मंजू शेजारी पोह्यांतली शेव वेगळी काढत होती. तिला दोन्ही आवडतं, पण एकत्र नाही. वसंतरावांनी मला अर्जाचं पहिलं वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं. त्यांचा घास हातातच राहिला आणि ते हसू लागले. शालू गेल्यापासून ते हसले नव्हते हे त्यांच्या हसण्यावरूनच कळत होतं, इतकं ते अडखळत येत होतं.

"अहो ताई, इकडे विपत्ति लिहितात! आपत्ति म्हणजे हरकत. ऑब्जेक्शन. तुम्ही लिहून दिलं की परिवाराला घोर ऑब्जेक्शन आहे!"

मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं की या एका शब्दात आमचे चार दिवस गेले होते, आणि माझं हसणं बंद झालं. जन्मभर इंदुरात राहिलेल्या माणसाला अर्ज दाखवावा एवढंही मला सुचलं नव्हतं. हुशारी होती ना.

मग वसंतरावच म्हणाले, "गलती तुमची काही नाही. गलती माझी आहे. पास मीच जमा करून आलो."

"म्हणजे?"

"कुणी मागितला नव्हता. शालूच्या मृत्यूचा दाखला मिळाला, तर मी सोचलं, पासवर जिचा फोटो आहे ती आता नाही. मग तो चालवणं म्हणजे फसवणूक. दाखल्याची नक्कल जोडली आणि खिडकीवर देऊन आलो. बाबूनं पण म्हटलं, अरे गुरुजी, काहे को? मी म्हटलं, नियम आहे."

वसंतरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या होळकरांच्या दफ्तरातलं. ते स्वतः गणिताचे शिक्षक होते. त्या घरात सरकारी कागद जमिनीवर ठेवत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"आणि ऐका," ते म्हणाले. "शालू चार साल झाले तिच्यासोबत जातच नव्हती. थांब्यापर्यंत जायची, बसमध्ये बसवायची आणि परत यायची. कंडक्टर लोकांना माहीत होतं. कोणी काही म्हणत नव्हतं. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती भाजी घेऊन येते म्हणून देर होते. तिच्या मागून कळलं."

म्हणजे माझ्या बहिणीनं चार वर्षं स्वतःचा फोटो तेवढा पाठवला होता, आणि त्या फोटोच्या आडून तिची मुलगी एकटी शहर पार करायला शिकली होती. सांगायची सोय नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही, कारण नवरा खरं बोलणारा. मंजू एकटी जाऊ शकते ही या घरातली सगळ्यात आनंदाची बातमी होती आणि ती चोरीच्या मालासारखी लपवावी लागली होती.

सुनावणी

अधिकारी चाळिशीचे, सभ्य. त्यांनी पाणी मागवलं, मला आणि वसंतरावांना खुर्च्या दिल्या. फाइल उघडून विचारलं, "आपत्ति किसकी है?"

मी माझ्या हिंदीची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले, "चलो, आपत्ति निरस्त," म्हणाले आणि हरकत रद्द केल्याची सही केली. मग मूळ प्रश्नावर आले. सहचर कोण?

"तिला सहचर लागत नाही," मी म्हटलं. "चार वर्षं ती एकटी जाते."

वसंतरावांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी फाइलीतून वर पाहिलं. "अकेली? नौकरी पे? रोज?"

"हो."

"फिर तो, मैडम, पात्रता पर ही सवाल आ जाएगा. जो अकेली आ-जा सकती है, कमा सकती है, उसको ये पास किस आधार पर दें?"

"आणि जी एकटी जाऊ शकत नाही तिला?"

"उसको सहचर के साथ."

"म्हणजे एकटीला कधीच नाही."

"सुरक्षा की बात है, मैडम. कल को कुछ हो गया तो?"

त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या मंजूला आत बोलावलं. नाव विचारलं. ती बोलली नाही. टेबलावरच्या फाइली तिनं कडेला कड लावून सरळ केल्या. "दिखने में तो बिलकुल ठीक है," अधिकारी म्हणाले. मागे उभ्या असलेल्या बाबूनं कुजबुजत विचारलं, "सुनती नहीं है क्या?" एका मिनिटात ती पास मिळण्याइतकी आजारी नव्हती आणि नाव सांगण्याइतकी शहाणीही नव्हती. बत्तीस वर्षांची बाई, नऊ वर्षांची नोकरी, आणि दोन पुरुष तिच्या डोक्यावरून तिच्याविषयी बोलत होते. तिसरी मी. मीही तिच्या डोक्यावरूनच बोलत होते.

"साहब," मी म्हटलं, "अब मुझे सचमुच आपत्ति है."

वाक्य चांगलं होतं. पण तोवर त्यांचा फोन वाजला होता.

फोन ठेवून ते सौम्यपणे म्हणाले, "आप लोग इतना क्यों सोच रहे हैं? किसी का भी नाम डाल दीजिए. फोटो लगाइए, दस्तखत कीजिए. आज ही बनवा देता हूँ." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरी दया होती. नियमाचे रखवालदार आम्हाला नियम कसा चुकवायचा ते शिकवत होते आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानायचे होते.

मी फॉर्म ओढला. "माझं नाव लिहा. पत्ता इथलाच देते."

"नाही," वसंतराव म्हणाले. "तुम्ही मिरजेला जाल. मग ते झूठ होईल." त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि खालची घोषणा सगळी वाचली, एक एक शब्द. मी प्रत्येक प्रवासात अर्जदारासोबत उपस्थित राहीन. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पूर्ण नावानिशी, शाळेच्या दाखल्यावर करत असतील तशी, सही केली.

मला वाटलं, बरं झालं, शिकले एकदाचे.

परदेशीपुरा

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मंजू दारात उभी होती, गळ्यात नवा पास. वसंतरावही बूट घालून उभे होते. त्यांचं वय शहात्तर आणि दोन्ही गुडघे गेलेले. दोन जिने उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"सोबत. सही केली आहे ना."

मी त्यांना थांब्यापर्यंत समजावत होते. बस आली. मंजू चढली, आणि मागून वडील दांडा धरून चढताहेत हे पाहिल्यावर वळून म्हणाली, "बाबा खाली."

"मंजू, मी येतो आहे."

"बाबा खाली. बाबा खाली."

कंडक्टर जुना, ओळखीचा होता. "गुरुजी, आप क्यों तकलीफ कर रिये हो? बिटिया को अपन उतार देंगे, रोज का है."

"मैंने दस्तखत की है."

"दस्तखत तो सब करते हैं, भिया!" सगळी बस हसली. वसंतराव चढले, त्यांच्यामागून मी.

मंजू तिच्या ठरलेल्या खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. वडील जवळ आले तरी उचलली नाही. ते उभे राहिले. बऱ्याच वेळानं एका कॉलेजच्या मुलीनं त्यांना जागा दिली. मंजू काचेला कपाळ लावून पुटपुटत थांब्यांची नावं घेत होती, बस पोचायच्या आधी एक थांबा. एकही चुकली नाही.

परदेशीपुऱ्यात जुन्या गिरण्यांच्या वस्तीत तो कारखाना आहे, एका गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली. मंजू उतरली आणि मागे न बघता चालू लागली. आम्ही पोचलो तोवर ती तिच्या जागी बसून पहिला खोका घडवत होती. मालकानं मला हात जोडले, "अच्छा हुआ आ गई. दूसरी वाली कोने फाड़ देती थी." वसंतराव मात्र आत आले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसले.

"आता घरी चला," मी म्हटलं.

"जाऊन परत यायचं, म्हणजे दोन वेळा चढउतार. गुडघ्यांना नाही जमत. शाम को तिला घेऊनच जाईन."

"सहा-सात तास इथे बसणार?"

"पेपर आहे," ते म्हणाले.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्या बाकावर, त्या भर रस्त्यात. खोटी सही करायला एवढं काय लागतं, साऱ्या जगाला जमतं, तुमच्या बायकोला जमलं होतं. ओरडले नाही. राग त्यांच्यावर काढणं सोपं होतं, ते समोर होते. बॉलपेननं ती ओळ लिहिणारा माणूस समोर नव्हता.

तीन दिवसांनी मी निघाले. तिन्ही दिवस ते गेले, बसले, परत आले. तिन्ही दिवस मंजू "बाबा खाली" म्हणाली, तिसऱ्या दिवशी रडत म्हणाली. आईनं चार वर्षं खर्चून जे तिला दिलं होतं ते वडिलांनी प्रामाणिकपणे काढून घेतलं, आणि काढून घ्यायला त्यांना भाग पाडलं ते कागदानं.

मिरजेला आल्यापासून मी त्यांना दुपारी फोन करते, कारण तेव्हा ते बाकावर असतात. काल विचारलं, "ऊन किती आहे?"

"आहे. टपरीवाल्यानं वर कापड बांधून दिलं."

"वसंतराव, ऐका माझं. पास तिच्या गळ्यात असतो. तुम्ही घरी बसा. कुणी काही विचारणार नाही."

"असं कसं, ताई? मग ती एकटी जाते असं होईल."

"ती एकटीच जाते," मी म्हटलं. "ती एकटीच जात होती."

फोनवर रिक्षांचे आवाज येत राहिले.

"हो ना," ते म्हणाले. "पण कागदावर नाही."